पासंग

पॉटर्स केच्या धक्क्यावर, पुलाच्या सावलीत
आईचा काटा सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे.
मासा ठेवण्याआधी मी रिकामी पारडी दाखवते गिऱ्हाइकाला.
दांडी झुकली तर हलक्या बाजूला
शिशाचा तुकडा अडकवते.
आई म्हणायची, आधी काट्याचं खोटं फेडायचं,
मग हामूराचं खरं मोजायचं.

डॉक्टरबाई तरुण आहेत, एल्युथेराच्या.
त्यांनी कागदावर शंभर ठिपके काढले,
सत्तर भरले, तीस कोरे ठेवले.
म्हणाल्या, तुमच्यासारख्या शंभर बायका,
ऐंशी वर्षांच्या होईपर्यंत.
मी विचारलं, यातली मी कुठली?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

काढून टाकलं तर भरलेले किती उरतात, तेही सांगितलं.
अगदी थोडे. शून्य नव्हे, हे दोनदा.
नाही काढलं तर दर वर्षी एमआरआय,
यंत्र बंद असलं तर विमानाने मायामी,
आणि निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस,
ज्यांचं बिल कुणी लावत नाही.

कागद मी फ्रिजवर चिकटवला.
लिओपोल्ड त्याच्याकडे न बघता दूध काढतो,
"तू ठरव, मी आहे," म्हणतो.
तो आहेच.
पण रात्री झोपेत त्याचा हात सवयीने येतो
आणि मध्येच जागा होतो.
हेही वजनच. कुठल्या पारड्यात टाकू?

यूलामे मावशी एक्क्याऐंशीची, अजून शंख फोडते.
तपासणीला रक्त देत नाही:
"त्यात काय आहे ते त्याला ठाऊक, मला कशाला सांगायचं?"
शेजारच्या टपरीतली ऑर्थनेल
देवाने दिलेलं कापू नये म्हणते, आणि लगेच
तिच्या भाचीने कसं वेळेवर कापलं ते सांगते.
बोलता बोलता प्रत्येकाचा अंगठा पारड्यावर.
माझाही. आईचा शेवटचा महिना,
खोलीचा वास झाकायला तिने उशाशी ठेवलेल्या
लिंबाच्या साली.
आई गेली बेचाळीसची. मी नोव्हेंबरात बेचाळीस.

परवा पहाटे पाणी प्यायला उठले
तर मुलगी फ्रिजसमोर उभी, अनवाणी.
वळून पाहिलं नाही तिने.
"कोरे एकोणतीसच आहेत," म्हणाली.
"डॉक्टर चुकल्या."

डेल्सीनने, माझ्या बहिणीने, गेल्या वर्षी केलं, फ्रीपोर्टहून येऊन.
टाके निघाल्यावर तिने मला फोनवर
तपासणीचा कागद पाठवला.
डावं चारशे बारा ग्रॅम. उजवं तीनशे अठ्ठ्याण्णव.
मी सवयीने पौंड केले,
पौंडाला थोडं कमी, एक बरा स्नॅपर,
आणि माझी मलाच शिसारी आली.
खाली लिहिलं होतं:
दोन्हींत कर्करोग आढळला नाही.
ती ते वाक्य वाचून खूप रडली.
सुटले म्हणून, की उगाच गेले म्हणून,
मी विचारलं नाही. तिनेही
इतक्या महिन्यांत आपणहून सांगितलं नाही.
मागच्या रविवारी मात्र म्हणाली,
पालथी झोपते गं आता, लहानपणी झोपायची तशी.

आज सकाळी मी दवाखान्यात फोन लावला.
वादळांचा मोसम संपल्यावरची तारीख मागितली.
तारीख मागणं म्हणजे जाणं नव्हे,
पलीकडच्या बाईनेच सांगितलं, न विचारता.
पेन्सिलीने लिहून ठेवते म्हणाली.

मग धक्क्यावर आले, काटा टांगला.
पहिलं गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं.
पारडी रिकामी, दांडी डावीकडे झुकलेली,
आणि ॲप्रनच्या दोन्ही खिशांत
शिशाचा तुकडा सापडेना.
"घाई नाही," तो म्हणाला.
मी चाचपत राहिले.