दुरुस्ती, पान चार

गेल्या अंकात आम्ही छापलं
की यंदाच्या खाद्य-सप्ताहात चौदा हॉटेलं होती.
पंधरा होती.
पंधरावं नकाशावर नव्हतं,
कारण नकाशा छापायला गेला तेव्हा फेवरोनियाबाई
हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.
म्हणाल्या होत्या, कांदे कसे निघतात ते बघू.

कांदे चांगले निघाले.

राजधानी टॅलिनहून आलेली मंडळी, तीन गाड्या, पाच कॅमेरे,
आणि एक मुलगी, जी ताटाभोवती दिवा फिरवत होती
जणू ताटाला ताप भरलाय,
ती सगळी धक्क्यावरच्या काचेच्या हॉटेलात बसली.
तिथला पर्च मासा तीनदा गार झाला
आणि तीनदा देखणा निघाला.
आम्हीही तिथेच बसलो.
आम्ही म्हणजे मी.
या साप्ताहिकाची संपादक, वार्ताहर,
आणि कागद अडकला की यंत्राला लाथ घालणारी
एकच बाई आहे.

दुसरं. टार्वोच्या धुरी दिलेल्या ब्रीमला
मी 'जरा कोरडा' म्हटलं.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात,
आणि पेइप्सी सरोवराच्या काठी राहून
मासेवाल्याशी तर नाहीच नाही,
त्यातून सरपणाची वखारही त्याचीच.
सोमवारी गेले. त्यानं ओंडके मोजले,
पैसे मोजले,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"जरा कोरडे आहेत. चालतील ना?"

मासा कोरडाच होता.
ही दुरुस्ती त्याबद्दल नाही.

शेवटच्या संध्याकाळी सायकलची साखळी निसटली
ती नेमकी फेवरोनियाबाईंच्या खिडकीपाशी.
आत चार खुर्च्या, एक बाक,
समोवार, आणि कांदा भरून भाजलेला पाव,
पिवळ्या कांद्याचा, कडेनं किंचित करपलेला.
दोन युरो, डब्यात टाकायचे.
बाकावर दोन ट्रक-ड्रायव्हर, एक म्हातारा,
आणि काचेच्या हॉटेलचा मुख्य आचारी रायको,
एप्रन काढून मांडीवर घेतलेला,
तिसरा तुकडा खात.
"हे छापू नका," तो म्हणाला,
"उद्या मला बसायला जागा उरणार नाही."

मी वही मिटली.
फेवरोनियाबाई सुरी पुसत होत्या.
"छापा की," म्हणाल्या, "पण नाव नीट छापा.
मागे एकदा चुकलं होतं."

मला वाटलं, त्यांचं.

एकतीस वर्षांपूर्वीचा अंक मी काल शोधला.
तळघरात, ओलीनं चिकटलेला,
पानं सोडवायला चहाच्या किटलीची वाफ द्यावी लागली.
तेव्हा मी शाळेत होते, पण पेपर हाच,
पान हेच, चौथं,
आणि पाच ओळींची बातमी:
बर्फ फुटायच्या दिवसांत गेलेली एक नाव
परत आली नाही.

तर, विलंबाबद्दल दिलगिरी.
नावेतल्या माणसाचं नाव आगाफोन होतं.
आम्ही अफानासी छापलं.
अफानासी हा शेजारचा, तिसऱ्या घरातला.
तो सुखरूप आहे.
त्या संध्याकाळी बाकावर माझ्या शेजारीच बसला होता,
आणि कुणी घेत नाही असं बघून
शेवटचा तुकडा त्यानंच उचलला.