चौथ्यांदा

जबड्याखाली बोट पुन्हा थांबतं.
वाटाण्याएवढं. काल नव्हतं.
की होतं, आणि मीच
त्या बाजूनं हात फिरवायचं टाळत होते?

फुटाणा बोलत नाही.
मेथीची काडी उचलतो, ठेवतो,
पुन्हा उचलतो.

नेरूळच्या डॉक्टरीण म्हणाल्या होत्या,
सशाचा पू वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो,
कोरून काढावा लागतो. मूळ दाढेत.
तेव्हापासून आमच्याकडे श्रीखंड नाही.

बिनसुईची सिरिंज, कोमट मीठपाणी.
टॉवेलात अळुवडीसारखा गुंडाळून
मांडीवर घेतला की
त्याचं काळीज माझ्याच पोटात धडधडतं.
खाली पाम बीचवर एखादाच ट्रक.

समोरच्या मृदुला पाटकर विचारतात,
चारशेचा ससा, अन् बिल अकरा हजार?
हिशेब मीही लावला होता.
दोनदा. दोन्हीदा चुकला.

धुऊन झालं की तो पाठ करून बसतो,
मागचा पाय फरशीवर आपटतो, एकदाच,
खालच्या मजल्याला ऐकू जाईल असा.

मग कधीतरी, मी दिवा मालवायच्या आत,
येतो,
आणि तीच दुखरी, बीटाडीननं पिवळी हनुवटी
माझ्या अंगठ्यावर घासून जातो.
ससे असं
फक्त आपल्या मालकीच्या वस्तूंना करतात.