मधली जागा

पुस्तकवाला म्हणाला, वरची सोर्बियन मिळेल,
हवी तर उद्याच मागवतो.
खालची जरा अवघड आहे.
कोणाच्या खालची, मी विचारलं नाही.
इथे कोटबुसमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर
ती जर्मन नावाखाली अंग चोरून बसलेली असते,
आणि मी पहाटे तीनला पावाची गाडी घेऊन
तिच्यासमोरून जाते.
अकरा वर्षं जातेय.

स्पॅनिशला तीन फळ्या होत्या.
आइसलँडिकलासुद्धा एक जाडजूड खोका, आत खेळायचे पत्ते.
मला मिळाला एक कोश, एकेरी रस्त्यासारखा:
जर्मनमधून तिकडे जाता येतं,
परत यायचं तर आपलं आपण बघायचं.
आणि एक व्याकरण, पिवळं पडलेलं, सायक्लोस्टाइल,
चौऱ्याऐंशी पानावरून थेट एक्क्याण्णववर उडी मारणारं.
मधे काय होतं?
अनुक्रमणिका म्हणते, द्विवचन.

वृद्धाश्रमात रोज चाळीस पाव टाकते मी.
तिथले हेर लापान लहानपणी हीच बोलत,
त्यांचं गाव आता कोळशाच्या खाणीत आहे,
म्हणजे गाव नाही, त्याच्या जागेचा खड्डा.
मी वही उघडली.
ते म्हणाले, विसरलो गं सगळं. शिव्या तेवढ्या आठवतात.
चालतील?
दोन सांगितल्या, हळू आवाजात, दाराकडे बघत.
कोशात नाहीत. मी लिहून घेतल्या.

मग वाचनालयाच्या तळघरातली ती कॅसेट.
दहांतली चौथी. बाकीच्या कुठे गेल्या
ते किल्लीवाल्या बाईंनाही माहीत नाही.
माझी गाडी इतकी जुनी, की तिला अजून कॅसेट गिळता येते.
एक बाई म्हणते: क्लेब. पाव.
मग थांबते. ती मधली जागा माझी.
मी तोंड उघडलं, आणि त्या जागेत
एक पुरुष म्हणाला: क्लेब.

मी ब्रेक दाबला. मागे ट्रे खणखणले.

कुणीतरी आपले सगळे जबाब
त्या गप्प जागांमध्ये भरून ठेवले होते.
कसे, कोणत्या यंत्रावर, कोण जाणे.
त्याच्यामागे खुर्ची करकरते.
एक मूल जर्मनमध्ये चमचा मागतं,
तो म्हणतो, थांब जरा, आणि पुन्हा
वोडा, वोडा, पाण्यावर पाय घसरल्यासारखा.
दुसऱ्या बाजूला येईपर्यंत घसरायचा थांबतो.
मला त्याचा अभिमान वाटला,
ओळख ना देख.

आता आम्ही रोज शिकतो, श्प्रे नदीच्या पुलावरून
पहिल्या सिग्नलपर्यंत. तो अर्धा क्षण आधी, मी मागून.
चुकतो तिथे चुकतोच.

एकदा बाई म्हणाली: मेय.
हा शब्द कोशात सापडेना.
हेर लापान यांनी दोन बोटं वर केली.
आपण पुष्कळ असलो तर वेगळा शब्द,
दोघंच असलो तर मेय.
तिसरा माणूस दारात आला की बदलायचं.
मी विचारलं, हा कसा आठवला तुम्हाला?
ते पावाचा कडक भाग काढून बाजूला ठेवत राहिले.
आठवायचा काय, म्हणाले,
वापरायला माणूस लागतं एक.

धडा तिथूनच पुढे आहे.
आम्ही दोघं जातो. आम्ही दोघं ऐकतो. आम्ही दोघं विचारतो.
आणि नेमका तिथेच तो नाही.
चमचा दिला असेल, फोन वाजला असेल,
परीक्षा रद्द झाली असेल, काहीही.
बाई म्हणते आणि थांबते,
पुढे नुसती फीत सरकल्याची खरखर.

सिग्नल लाल असतो. पाव अजून गरम असतात.
मेय, मी म्हणते.
एकट्या माणसाने तसं म्हटलेलं चालतं का,
ती पानं माझ्याकडे नाहीत.