शेजारचा शब्द

कोल्चानीत मिठाची पिशवी बंद करायला यंत्र नाही.
गॅसची निळी ज्योत आहे
आणि सातुर्निनाची दोन बोटं,
ज्यांना आता काहीच भाजत नाही.
प्लास्टिकची कड ज्योतीवरून फिरते, चिकटते.
एक किलो.
पुढची.

बाहेर दारापासून क्षितिजापर्यंत तेच, पांढरं.
पर्यटक त्यावर उड्या मारून फोटो काढतात,
आत येऊन गॉगल वर करतात,
विचारतात, तुमच्यात याला काय म्हणतात?

कुणाच्यात? ती विचारते.

बाजारात साल.
पावतीवर साल, गोणीवर साल, आयोडीनच्या सरकारी डब्यावर साल.
सासरच्या चुलीपाशी क्वेचुआतलं काची.
आणि डोंगरापलीकडून आयमारा घेऊन आलेली आई
मरेपर्यंत हायु म्हणायची,
त्यातला ह असा,
जसा गोठल्या काचेवर श्वास सोडावा.

आजोबांकडे आणखी होते.
कुऱ्हाडीनं कापलेल्या ठोकळ्याला एक,
पाऊस आटल्यावर वर धरणाऱ्या सायीला दुसरा,
लामा चाटतात त्या मातकट मिठाला तिसरा.
ते शब्द लामांच्या पाठीवरून खोऱ्यात उतरले,
मक्याच्या बदल्यात.
मका आला.

कार्निवलमध्ये एकोणिसाव्या वर्षी ती नाचली
तेव्हा बँडवाले ओरडले, काय सालेरो आहे पोरीत!
फोर्तुनातोचा ट्रक पातळ कवचातून खाली गेला
त्या वर्षी तेच बँडवाले कुजबुजले, सालादा,
मिठाची, म्हणजे फुटक्या नशिबाची.
एकाच डबीतून दोन्ही चिमटी.

(मला हे परकं वाटत नाही.
माझ्या भाषेतही लवणातून लावण्य निघतं
आणि माणसं एकमेकांवर खार खातात.
आणि मीठ या शब्दाच्या अगदी तळाशी
म्हणे कधीकाळी मिष्ट होतं, गोड.
ते उलटलं कधी,
कुणी चाखून ठेवलेलं नाही.)

विल्बेर पाचवीत असताना
गृहपाठ होता: साल, वाक्यात उपयोग करा.
त्यानं लिहिलं, आई म्हणते साल.
बाईंनी लाल शाईनं विचारलं, मीठ की बाहेर हो?
कारण स्पॅनिशमध्ये तीच तीन अक्षरं
दाराकडे बोटही दाखवतात.
मग त्याला नादच लागला.
काचीच्या शेजारी काचा: पाठव.
हायुच्या शेजारी हाया: दूर.
आई, आपल्या तिन्ही भाषांत
मिठाच्या भिंतीला भिंत लावून जाणं राहतं!

ती हसली. हातात पिशवी होती, ज्योत चालू होती.
साल, म्हणाली, काम करू दे.
तो पळाला खेळायला.

आता तो सीमेपलीकडे कालामाला, तांब्याच्या खाणीत.
रविवारी फोन करतो.
खोकतोस का, ती विचारते. नाही, तो म्हणतो, आणि खोकतो.
परत कधी, हे विचारायच्या जागी
ती मिठाची गुळणी धरते.
मागच्या रविवारी म्हणाला,
इथलं मीठ खारट लागत नाही.

किलोची पिशवी तिनं नाही पाठवली.
मागच्या अंगणात जुना ठोकळा होता,
आत पट्ट्या: पांढरी पावसाची, तपकिरी धुळीची,
पांढरी, तपकिरी.
लहानपणी तो नखानं मोजायचा,
हा माझ्या जन्माचा पाऊस.
तिनं वरची वर्षं, खालची वर्षं फोडून काढली,
मधला तुकडा शालीत गुंडाळला,
वर प्लास्टिक, कडा ज्योतीवरून दोनदा.

बसचा ड्रायव्हर हातात तोलून म्हणाला,
दगड आहे का?

हो, ती म्हणाली.
सांभाळून ने.
ओला होऊ देऊ नकोस.