दोन बोटं

शेठ म्हणाले, दोन बोटं कमी धर.
धरली.
अठ्ठावीस वर्षं, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
दर टॉवेल दोन बोटं आखूड,
लेबलावर माप पुरतं.

रविवारी उपासनेत पाळकांनी बागेतली गोष्ट वाचली:
तो म्हणतो, तिनं दिलं.
ती म्हणते, सापानं.
मी हसलो,
शेजारच्या गमलिएलला कोपर मारलं.

रात्री लूम थांबले तरी कानात खटखट उरते.
तिच्यातून हाक आली.
शेठला नाही.
मला, बाप्तिस्म्यातल्या पूर्ण नावानं,
जे पगारपत्रकावरसुद्धा कधी नीट लिहिलं गेलं नाही:
ओबद्या.
देवाचा चाकर, बाबा सांगायचे.

सोमवार. पहिली पाळी.
शेठ मागे उभे, पानाचा वास.
पट्टी टॉवेलवर टेकवली.
बोटं तर
माझीच आहेत.