आंदणातले डाडक

बाईंच्या नावाची पाटी परदेशात कुठंतरी आहे म्हणे.
आमच्याकडे त्यांची पत्र्याची पेटी आहे.
तीत चारशे बारा बाटल्या,
बाटलीत स्पिरीट, स्पिरीटात डाडक,
आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी,
कारण शाई विरघळते.
हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी अठरा वर्षांचा. काम दोनच:
डोंगा धरायचा, खवले मोजायचे.
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एका रांगेत,
बावीस, तेवीस, क्वचित पंचवीस.
चुकलो तर बाई रागवत नसत,
मासा परत हातात देत.

इंदुमती वलथरे. ढिवराची पोर.
बाप साकोलीच्या बाजारात मासळी विकायचा
आणि ही गिऱ्हाईक ताटकळत ठेवून
माशाची तोंडं उघडून बघायची,
म्हणून खाल्लेला मार
त्या शेवटपर्यंत हसत सांगत.
पुढं नागपूर, मग समुद्रापार,
आणि परत आल्या त्या थेट बोडीच्या चिखलात.
“बेटं पाहायला लोक जहाजानं जातात,” म्हणायच्या,
“आपल्याला सायकल पुरते.
एकेक तलाव बेटच की रे,
कोहळ्यांनी पार घातली तेव्हापासून.”

दोन तलाव, मध्ये बारा कोस जंगल,
आणि दोन्हींत तोच रुंद तोंडाचा डाडक,
शेपटीपाशी तोच काळा ठिपका.
बाईंनी लिहिलं:
मरळीच्या धाकानं, एकमेकांना न बघता,
दोघं सारखे घडले.
त्या लेखानं त्यांना पदक दिलं,
मला नवी सायकल.

मग एकदा सगुणाआजी केवट
पारीवर मासे साफ करता करता
आमचे फोटो बघून म्हणाली,
“हे त आमचेच.
बारकीचं लगन झालं तवा मीच त नेले घागरीत.
तिच्या सासरी असे नोहोते.
पोरीनं खावं काय?”

बाई बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता रडतील.
त्यांनी विचारलं, “साल कोणतं, आजी?”
“मोठा पूर आलता ना, त्याच्या दुसऱ्या सालचं.”
त्यांनी साल लिहून घेतलं.

शेपट्यांचे तुकडे प्रयोगशाळेत गेले,
आजीचं खरं निघालं.
बाईंनी त्याच मासिकात लिहिलं: माझी चूक.
काहीजण हसले. एक मोठी खुर्ची हुकली.
लेखाखाली आभार: सगुणा केवट, घागरीसाठी.

पण एवढं वाचून थांबू नका.
साल हाती आल्यावर आम्ही पुन्हा मोजायला बसलो,
माहेरचे हजार, सासरचे हजार.
चाळीस वर्षांत सासरच्यांचा
अर्धा खवला कमी झालेला.
“अर्धा कसा असेल, बाई?”
“सरासरी रे, येड्या,” म्हणाल्या,
आणि पोरीसारख्या पाण्यात पाय आपटत बसल्या.

बाई गेल्या त्या साली सलंग वाहिलीच नाही.
मी अजून जातो, पुसात, भिंग घेऊन.
बारकी आता सत्तरीपारची,
चुलीपुढून ओरडते,
“मोजून घे आधी.
मंग तळतो.”