फाटक्या पानांचं पाणी

नखीनं खुडलेली कळी डागात गेली,
केळीच्या सोपटात गुंडाळून, मिरजेच्या गाडीवर.
मागं उरलं ते माझं:
टिपके पडलेलं, कडेला फाटलेलं,
विड्याला चालत नाही, देवापुढं ठेवत नाहीत,
म्हशीसुद्धा हुंगून तोंड फिरवतात.

ते धुतलं, सावलीत निथळवलं,
लिटरला शंभर ग्रॅम, मंद आचेवर,
पाणी निम्मं होईतो.
बाबगोंडांच्या जुन्या धोतरातून गाळलं.
अख्ख्या सोप्याला वास लागला,
लग्नाची पंगत आत्ताच उठल्यासारखा.

तीन क्रेट पेरू.
पहिल्याला नुसतं विहिरीचं पाणी,
दुसऱ्याला काढा,
तिसऱ्याला तोच, दुप्पट कडक.
बुडवायचे, पंख्याखाली वाळवायचे,
रोज किती गेले ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं.

तिसऱ्या दिवशी आत्ती दारात.
पेरू त्या खात नाहीत, बहुबीज फळ;
पण उंबऱ्यावरूनच म्हणाल्या,
"बुरशीत जीव असतात, पोरी. अनंत.
तू त्यास्नी मारतीस काय?"

मी गाळणं हातात धरून उभी.
कृषी सहायकानं दिलेल्या कागदावर
वजन होतं, तारीख होती, वास, रंग, डाग;
हा रकाना नव्हता.

सातव्या दिवशी पहिल्या क्रेटमध्ये, तळाला,
अंगठा दाबल्याएवढी तपकिरी खूण.
नवव्या दिवशी तिच्यावर पांढरी लव.
आत्तींनी चष्मा पुसून पुसून पाहिलं.
"हितं झाली की उत्पत्ती. आणि त्यात?"
"त्यात अजून नाही."
त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर
पदर तोंडावर घेऊन बसलेल्या,
पुढ्यात फाटक्या पानांचा ढीग,
एकेकाचा देठ खुडून बाजूला.
"उपजलंच न्हाई, तर पाप कशाचं,"
हे मला नाही, हातातल्या पानाला.

पान तरी काय,
स्वतः चार दिवसांत पिवळं पडतं.

तिसरं क्रेट जिनगोंडानं सांगलीला नेलं.
व्यापाऱ्यानं एक चावा घेतला, थुंकला:
"पेरू पान खाऊन आलाय होय रं?"
सगळी पेठ हसली. क्रेट परत आलं.
कॅलेंडरवर 'दुप्पट' खोडलं,
इतकं, की पलीकडची एकादशी फाटली.

चौदावा दिवस. दुसऱ्या क्रेटमधला एक
विळीवर चिरला. आत पांढराशुभ्र.
मीठ लावून फोड तोंडात टाकली,
जिभेच्या मुळाशी तिखट आहे का, नाही का,
नक्की कळेना.

आत्ती चुलीकडं तोंड करून.
चाळीस वर्षं झाली असतील त्यांना
पेरू सोडून.
"गोड हाय?"

दुसरी फोड मी मिठाशिवाय खाल्ली,
नीट सांगता यावं म्हणून.